रुखवतातील कुरडया आणि आपला फोन यांविषयी

आदरणीय व्याहीबुवा श्री. रंगनाथराव सहादू पाळदे, मुक्काम देवळाली कॅम्प, यांस सादर नमस्कार.

मी, मोतीराम कारभारी थेटे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सातपूरच्या एका कारखान्यातील लेखा विभागाचा माजी उपप्रमुख, आपले चिरंजीव दीपकराव यांचा भावी सासरा आणि गेली दोन वर्षे स्वतःच्या घराचा गृहकृत्यदक्ष, हे पत्र दोन कारणांसाठी लिहीत आहे. एक, आपल्या फाल्गुनातील पत्राला उत्तर देणे. आणि दोन, रुखवतात मांडायच्या कुरडयांना जो विलंब झाला त्याचा खुलासा करणे. (गृहकृत्यदक्ष हा शब्द आजवर केवळ वधूंच्या जाहिरातीत वापरला गेला आहे याची मला जाणीव आहे. मला दुसरा सापडला नाही. कारखान्यात प्रत्येक पदाला नाव होते, अगदी जुन्या फायलींवरची धूळ झटकणाऱ्यालाही. घरातल्या पदाला ते कोणी दिलेले दिसत नाही.)

मातोश्री साळूबाईंची कंबर आणि सौ. सुवर्णाताईंचे गुडघे यांना उतार असावा अशी आशा करतो. आपला रक्तदाब बरा असल्यास हे पत्र लगेच वाचावे. नसल्यास गोळी घेऊन, पाठीला टेकून वाचावे.

आपल्या पत्रात दोन मुद्दे होते. पहिला, रुखवतातील कुरडया घरी केलेल्याच असाव्यात, विकतच्या मातोश्री नुसत्या आवाजावरून ओळखतात. दुसरा, लग्नानंतर आमच्या उज्वलाने पाटबंधारे खात्यातील नोकरीचा राजीनामा द्यावा; कारण मातोश्रींना एकटे ठेवता येत नाही, सुवर्णाताईंना आता विश्रांती हवी आणि, आपलेच शब्द उद्धृत करतो, ‘घरी कोणीतरी हवेच’. हे पत्र उज्वलाने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून वाचले. जी मुलगी कालव्याच्या दरवाजावर चढून पाण्याची पातळी पाहते, आणि पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या शेतकऱ्यांना जागच्या जागी गप्प करते, ती पत्राची घडी घालत राहिली. इतकी लहान घडी की तिला पुढे घालायला जागा उरली नाही. मग म्हणाली, “आप्पा, तुम्ही काय उत्तर लिहिणार?” मी म्हणालो, आधी कुरडया होऊ देत. हे उत्तर टाळण्यासाठी नव्हते. मुद्दे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढावेत अशी मला सवय आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. साखरपुड्याच्या दिवशी आपण माझी ओळख आपल्या बंधूंना करून दिलीत ती अशी: “हे मुलीचे वडील. हे सध्या घरीच असतात.” त्यावर आपले बंधू सहानुभूतीने म्हणाले, “चालायचंच.” वस्तुस्थिती अशी की आमची सौ. शुभांगी मनमाडला मुख्याध्यापिका आहे आणि सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येते. घर माझ्या आईने सांभाळले. आई गेल्यावर आम्ही तिची कामे वाटून घ्यायला बसलो, तर ती सर्वांत वाटूनही उरली. त्याच सुमारास कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. उरलेली कामे आणि मी, दोघेही एकमेकांना उपलब्ध होतो. तेव्हापासून मी घरीच असतो हे खरे आहे. पण आचारी मांडवातच असतो आणि गार्ड गाडीतच असतो, म्हणून त्यांच्यावर कोणी ‘चालायचंच’ म्हणत नाही, एवढीच माझी नम्र नोंद.

आता कुरडया. गहू माझा धाकटा भाऊ भिका याने आमच्या गावाहून, गिरणाऱ्याहून, पाठवला होता. कुरडया हे एकट्याने करायचे काम नाही हे मला ठाऊक होते. आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत चैत्र लागला की बायका एकमेकींकडे जाऊन पापड, शेवया आणि कुरडया करून देतात हे मी दोन वर्षे गॅलरीतून पाहत होतो. मी सोसायटीचा सचिव असल्याने रीतसर सूचना तयार केली आणि फलकावर लावली: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदनिका क्रमांक सात येथे कुरडया करण्याचे योजिले असून इच्छुकांनी आपली नावे सचिवांकडे द्यावीत.’ एकही नाव आले नाही. रविवारी सकाळी दोन निवृत्त सभासद तेवढे आले. त्यांना ही वार्षिक सभा वाटली होती. चहा घेऊन त्यांनी मागील इतिवृत्त वाचण्याचा आग्रह धरला. मी ते वाचले. मंजूरही झाले.

शेवटी तळमजल्यावरच्या सखुबाईंना विचारले. सखुबाई आमच्याच गिरणाऱ्याकडच्या, वयाने माझ्या मोठ्या बहिणीएवढ्या आणि बोलण्यात कोणाचीही भीड न ठेवणाऱ्या. त्या जिन्यावर बसून गवार मोडत होत्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमी कोनाकडं लाटायला गेलते का?” मी म्हणालो, मला कोणी बोलावले नाही. “बोलवत कोन नाय. पोळपाट घ्यायचं आन् जायचं. तुमी गेला नाय, तर तुमच्याकडं कोन येईल? फळ्यावर चिठ्ठी लावून कुठं कुरडया व्हत्या का?” (सखुबाई फलकाला फळाच म्हणतात.) व्याहीबुवा, जमाखर्चाच्या शास्त्रात मी आयुष्य घालवले, पण माझ्याच इमारतीत वर्षानुवर्षे चालणारा हा व्यवहार मला कोणी शिकवला नव्हता, कारण तो कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पोळपाट, लाटणे आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन दुसऱ्या मजल्यावर उडदाच्या पापडांना हजर झालो. मी आत पाऊल टाकताच खोलीतील सर्व संभाषण बंद झाले. एखादे कार्यालय तपासनिसाला पाहून जसे कामाला लागते तसे सर्व लाटणी एकदम सुरू झाली. कोणी हसेना, कोणी बोलेना. मी माझ्या लाट्या सारख्या वजनाच्या केल्या आणि पापड सारखे यावेत म्हणून लाटल्यावर स्टीलच्या वाटीने कापून घेतले. सखुबाईंनी एक पापड उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, “पापडांना बी युनिफारम शिवला का भाऊ?” त्यावर कोणीतरी तोंडात पदर धरला, पण हसण्याचे धाडस झाले नाही. एरवी संध्याकाळपर्यंत पुरणारे काम जेवणाच्या आधीच संपले. मला वाटले, माझ्या सहभागामुळे कार्यक्षमता वाढली. प्रत्यक्षात सर्वजणी माझ्यावर संतापल्या होत्या. वर्षातून चार-दोन दुपारी मिळणारी ती बैठक मी अकरा वाजताच बरखास्त केली होती.

तिसऱ्या घरी सखुबाईंनी तोडगा काढला. मला कोपऱ्यात बसवून म्हणाल्या, “भाऊ, तुमी आता भित व्हा. भितीम्होरं आमाला लाज नाय.” मी भिंत झालो. थोड्या वेळाने खोलीत आवाज परत आला. भिंत या नात्याने मी जे ऐकले त्यातील बहुतेक गोष्टी सांगण्याचा मला अधिकार नाही (आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कोणत्या कुशीवर झोपले असता घोरतात हेही मला आता ठाऊक आहे). एक मात्र सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, “आमचे हे आल्या आल्या विचारतात, दिवसभर काय केलंस? मी म्हणते, काही नाही.” दुसरी म्हणाली, “मी पण काही नाहीच म्हणते.” तिसरी म्हणाली, “अगं, मग सांगावं ना एकदा सगळं!” त्यावर पहिली म्हणाली, “सांगायला बसले तर स्वयंपाक कोण करील?” सगळ्या हसल्या. भिंतीला हसण्याची मुभा आहे की नाही हे ठरले नव्हते, म्हणून मी पापडाकडे पाहत राहिलो. त्या संध्याकाळी शुभांगीने मनमाडहून आल्यावर पर्स खुंटीला लावता लावता विचारले, “आज काय केलंत?” आणि माझ्या तोंडून निघून गेले, “काही नाही.” ती म्हणाली, “बरं झालं, आराम तरी मिळाला.”

पाच घरांचे पापड लाटून झाल्यावर माझी पत निर्माण झाली आणि मला दिवस मिळाला. गहू भिजत घातले. रोज पाणी बदलले. तिसऱ्या दिवशी त्यांना असा आंबूस दरवळ सुटला की शुभांगीने घरात पाऊल टाकताच गॅसची टाकी तपासली. ते दळून आणले, पिळून काढले, चीक गाळून रात्रभर निवत ठेवला आणि सकाळी वरचे पाणी असे हलकेच ओतले की तळाचा पांढराशुभ्र चीक हलला नाही. (या एका कृतीचा मला निवृत्तीच्या समारंभापेक्षा जास्त अभिमान वाटला.) गच्चीवर कापड अंथरलेले, सहा बायका सोरे घेऊन सज्ज, सखुबाई जिन्यात, आणि मी मोठ्या पातेल्याशी. मिठाच्या उकळत्या पाण्यात चीक ओतत एकसारखा हाटायचा असतो. हात थांबला की गुठळी. मी ओतत होतो, मी हाटत होतो, आणि फोन वाजला.

आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे. सखुबाईंनी उचलला आणि ओरडल्या, “भाऊ, व्याही हायेत कॅम्पातले!” मुलीच्या सासरचा फोन. आपणच सांगा, मी काय करावे? मी पातेले सोडून धावलो. आपण सकाळचे फिरून आला होतात आणि प्रसन्न होतात. मी म्हणालो, व्याहीबुवा, मी जरा कामात आहे. आपण मोठ्याने हसलात आणि म्हणालात, “घरी कसलं आलंय काम!” आणि लग्नपत्रिकेत आपल्या थोरल्या मेहुण्यांचे नाव धाकट्यांच्या वर घ्यावे की शेजारी घ्यावे या विषयाला हात घातलात. मेहुणे थोरले आहेत, पण रागावून आहेत. धाकटे धाकटे आहेत, पण मांडवाचा खर्च करत आहेत. प्रश्न नाजूक होता हे मी मान्य करतो. आपण तो सर्व बाजूंनी तपासलात. स्वयंपाकघरातून जळक्याचा पहिला वास आला तेव्हा आपण सन सत्याऐंशीमधल्या जावळाच्या कार्यक्रमापर्यंत पोहोचला होतात.

परत आलो तेव्हा पातेल्यात चीक नव्हता. खाली करपलेला थर होता आणि वर लिंबाएवढ्या गुठळ्या पोहत होत्या. तरीही मी तो गच्चीवर नेला. सोऱ्यातून काही निघेना. निघाले ते कुरडईच्या आकाराचे नव्हते. सखुबाईंनी पाहून निकाल दिला, “हे रुखवतात मांडलं तर लोक इचारतील, काय मेलं म्हनून.” मग त्यांनीच वरवरचा बरा चीक वाट्यांत काढला, दूध-साखर मागवली आणि सहाही जणींनी गच्चीवर उन्हात बसून तो खाल्ला. चवीला उत्तम होता असे माझ्यादेखत म्हणाल्या. उज्वला ऑफिसला निघण्यापूर्वी वर आली, तिनेही एक वाटी खाल्ली, माझ्या भाजलेल्या मनगटाला बर्नॉल लावले आणि विचारले, “फोन कोणाचा होता?” मी सांगितले. “काय म्हणाले?” मी म्हणालो, पत्रिकेविषयी होते. तिने बर्नॉलचे झाकण लावले. कुरडया होईपर्यंत उत्तर लिहिणार नाही असे मी तिला सांगितले होते, आणि कुरडया आपल्या फोनने बुडवल्या होत्या.

पुन्हा गहू, पुन्हा तीन दिवस. दुसऱ्या खेपेचा दिवस गुरुवार होता. त्या दिवशी मदतीला एक पाहुण्या बाई आल्या. त्यांचे नाव योग्य ठिकाणी सांगेन. बसने आल्या, जिना चढताना दोनदा थांबल्या, पदर खोचला, माझ्या हातातून दांडा घेतला आणि म्हणाल्या, “तुम्ही ओता.” मी ओतले. त्यांनी असा हाटला की एक गुठळी शपथेला सापडली नाही. अर्ध्यावर फोन वाजला. मी सवयीने वळलो. त्या मान वर न करता म्हणाल्या, “वाजू द्या. साखर सापडत नसेल.” फोन बराच वेळ वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आम्ही चीक हाटला. त्या कुरडया गच्चीवर पडल्या तेव्हा सखुबाई कंबरेवर हात ठेवून नुसत्या पाहत राहिल्या. आणि त्या गप्प राहिल्याचे आमच्या सोसायटीत कोणी यापूर्वी पाहिलेले नाही.

नंतरचे दोन दिवस मी छत्री घेऊन गच्चीवर कावळे राखत बसलो. शेजारच्या इमारतीतून एका गृहस्थांनी हाक मारून विचारले, “काय थेटेसाहेब, निवांत?” मी भिंत असल्यामुळे उत्तर दिले नाही.

तात्पर्य, रुखवताच्या कुरडया तयार आहेत, घरी केलेल्या आहेत, आणि एक तळून पाहिली असता तिच्या आवाजाविषयी मातोश्रींची तक्रार राहणार नाही अशी माझी खात्री झाली. मातोश्रींना साष्टांग, सुवर्णाताईंना नमस्कार, दीपकरावांना आशीर्वाद. पत्रिकेत दोन्ही मेहुण्यांची नावे एका ओळीत घ्यावीत. लोभ आहेच, तो लग्नानंतरही राहावा.

ता. क. १. आपला दुसरा मुद्दा राहिला. ‘घरी कोणीतरी हवेच’ हे आपले म्हणणे मला शब्दशः मान्य आहे. माझ्याइतके ते कोणाला मान्य असेल? आपण जूनअखेर निवृत्त होत आहात. त्यानंतर आपण घरीच असाल. उज्वला राजीनामा देणार नाही. ते कोणीतरी आपण आहात. कामाची सुरुवात कशी करावी याविषयी अडचण आल्यास माझ्याकडे आठवडाभर राहायला यावे. पोळपाट मी देईन.

ता. क. २. पाहुण्या बाईंचे नाव सौ. सुवर्णाताई रंगनाथराव पाळदे. त्या गुरुवारी त्या आपल्याला काळारामाच्या दर्शनाला जाते, परतताना थेट्यांकडे डोकावेन, म्हणून सांगून निघाल्या होत्या. दर्शन त्यांनी घेतले, नंतर. हे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. त्यांचे म्हणणे, तोंडी सांगितले तर आपण हसता, लेखी असले तर दोनदा वाचता. चीक हाटता हाटता त्या म्हणाल्या, “दादा, सूनबाईंनी माझ्यासाठी नोकरी सोडायला नको. सासूबाईंना सून नकोय आणि नातसूनही नकोय, त्यांना त्यांचा मुलगा जवळ बसायला हवाय. तीस वर्षं त्या दाराकडे बघतायत. आणि मला, खरं सांगू, एकदा बाहेरून घरी यायचंय आणि कोणीतरी विचारायला हवंय, दमलीस का.” मी चीक ओतत राहिलो. सबब, कुरडयांना नावे ठेवण्याचा विचार असल्यास तो आपल्या घरातल्या घरात मिटवावा.

ता. क. ३. या पत्रासोबत एक लहान डबा पाठवत आहे. त्यात पहिल्या खेपेच्या करपलेल्या कुरडया आहेत. त्या आपल्या फोनच्या. रुखवतात मांडू नयेत, टाकूही नयेत. आपल्या घरात किंवा नात्यात कोणी कोणाविषयी ‘ती काय, घरीच असते’ असे म्हणाले की त्यांतील एक तळून त्या व्यक्तीला खायला द्यावी. पहिली आपण खावी.

ता. क. ४. गुरुवारचा फोन आपला असल्यास, साखर ओट्यावरच्या दुसऱ्या फळीवर, ‘हरभरा डाळ’ अशी चिठ्ठी असलेल्या डब्यात आहे. सुवर्णाताई म्हणाल्या, ती लग्नापासून तिथेच आहे.

(ताज्या कलमांखाली सही करण्याची आमच्या लेखा विभागाची शिस्त आहे, म्हणून सही इथे करतो.)

आपला नम्र,
मोतीराम कारभारी थेटे, बी.कॉम.
गंगापूर रोड, नाशिक
दि. २१ एप्रिल २००३